छेद कुठून आणणार? एपिडेमिऑलॉजीच्या पीएचडीचा अर्ज

एखाद्या अभ्यासशाखेत शिरायचं कसं, हे आपण या मालिकेत बघत असतो. आजची शाखा आहे एपिडेमिऑलॉजी, मराठीत साथरोगशास्त्र. आणि आजचं उदाहरण आहे पानिपत.

पानिपत म्हटलं की आपल्याला १४ जानेवारी १७६१ आठवते. पण आजचं पानिपत हे दिल्लीपासून साधारण ९० किलोमीटरवरचं कापडाचं शहर आहे. हातमाग, सतरंज्या, चादरी आणि विशेष म्हणजे जुन्या कपड्यांपासून नवा धागा, हा इथला मोठा धंदा. एपिडेमिऑलॉजीचा अर्ज कसा करायचा हे शिकायला हे शहर फार उपयोगी आहे. कसं, ते पुढे येईल.

अर्जाबद्दल तुम्ही मला बहुतेक तीन गोष्टी विचारता. किती टक्के लागतात? कुठली परीक्षा द्यावी? आणि डॉक्टर नसेन तर चालेल का? या तिन्हींची उत्तरं देणार आहे. पण ही उत्तरं तुम्हाला फक्त दारापर्यंत नेतात. आत घेतात ते तुमच्या प्रश्नामुळे. आणि या विषयात प्रश्न म्हणजे ज्याला अंश आणि छेद दोन्ही आहेत, असा प्रश्न.

आधी विषय समजून घेऊ

साथरोगशास्त्र या मराठी नावामुळे एक गैरसमज होतो. लोकांना वाटतं, हे शास्त्र फक्त साथींचं. कोविड आला तेव्हा तर हा समज पक्का झाला. प्रत्यक्षात मधुमेह, रस्त्यावरचे अपघात, आत्महत्या, बाळंतपणातले मृत्यू, कारखान्यातली धूळ हे सगळं या शास्त्रात येतं. कुठला आजार कोणाला होतो, कुठे होतो, कधी होतो, आणि त्यांनाच का होतो, हे माणसांच्या समूहात शोधायचं शास्त्र म्हणजे एपिडेमिऑलॉजी.

दवाखान्यातला डॉक्टर समोरच्या रोग्याकडे बघतो. एपिडेमिऑलॉजिस्ट त्याच्याकडे बघतोच, शिवाय जे दवाखान्यात आलेच नाहीत त्यांचाही विचार करतो. दवाखान्यात ४० रोगी आले, हा झाला अंश. ते किती लोकांमधून आले, हा झाला छेद. ४०० मधून ४० आणि ४०,००० मधून ४०, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. छेदाशिवाय अंश म्हणजे नुसती बातमी.

आपल्याकडचं ओळखीचं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचा घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळांना वाचवण्याचं काम त्यात होतंच. पण त्या कामाला जगाने मान दिला, कारण ३९ गावांत काम झालं आणि तुलनेसाठी दुसरी ४७ गावं होती, आणि दोन्हीकडे जन्म आणि मृत्यू मोजले जात होते. आधी मोजायची पद्धत बसवली, म्हणून फरक दाखवता आला.

पानिपतचा प्रश्न

परदेशातून टाकून दिलेले कपडे गाठोड्यांनी भारतात येतात, बरेचसे गुजरातच्या कांडला बंदरातून. त्यातला मोठा वाटा पानिपतला पोहोचतो. इथे बायका गोदामात बसून त्यांची बटणं, झिपा काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रं ते कपडे फाडून त्यांचा पुन्हा तंतू करतात. त्या तंतूचा जो धागा होतो त्याला शॉडी म्हणतात. आपत्तीच्या वेळी जगभर वाटल्या जाणाऱ्या स्वस्त ब्लँकेटांमध्ये हा धागा असतो. मेघना गुप्ता यांनी २०१२ मध्ये ‘अनरॅव्हल’ हा छोटा माहितीपट याच कामावर केला. ज्यांना हे काम डोळ्यांनी बघायचंय त्यांनी तो जरूर बघा.

कपडा फाडला की धूळ उडणारच. आता इथे एक जुना आजार लक्षात घ्या. त्याचं नाव बिसिनोसिस. सुताच्या धुळीत काम करणाऱ्यांची छाती आवळते, धाप लागते. याची खूण अशी, की सुरुवातीला त्रास होतो तो सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी. रविवारी सुट्टी असेल तर सोमवारी. म्हणून इंग्लंडमधल्या गिरण्यांत याला सोमवारचा आजार म्हणायचे. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्येच ताग-अंबाडी पिंजणाऱ्यांच्या खोकल्याबद्दल आणि दम्याबद्दल लिहून ठेवलं होतं. १९५०च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी लँकेशायरच्या गिरण्यांमध्ये या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. मुंबईत डॉ. एस. आर. कामत यांनी गिरणी कामगारांमध्ये याचा अभ्यास केला. गिरणगावात वाढलेल्यांना ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यातली धूळ सांगायला नको.

म्हणजे आजार माहीत आहे. मग पानिपतला प्रश्न काय उरतो? उरतो. बिसिनोसिसचं बरंचसं ज्ञान सुताच्या गिरण्यांमधून आलंय. इथली धूळ निव्वळ सुताची नाही. त्यात लोकर आहे, ॲक्रिलिक आहे, पॉलिस्टर आहे, रंग आहेत, आणि वापरलेल्या कपड्यांबरोबर येणारी सगळी घाण आहे. मग या धुळीने तोच आजार होतो, की वेगळा? किती जणांना? किती वर्षांत? हा खरा प्रश्न आहे, कारण त्याचं उत्तर मोजून देता येईल.

आणि ते उत्तर कोणाच्या तरी उपयोगाचं आहे. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने बिसिनोसिसला व्यवसायजन्य रोग मानलं. म्हणजे भरपाईचा हक्क कागदावर आला. पण आजार नोंदलाच गेला नाही, तर हक्क कोणी मागायचा? खोकला म्हटला की पहिली तपासणी क्षयरोगाची होते, ती व्हायलाच हवी. क्षय नाही निघाला की बिडीवर बोट ठेवलं जातं. कामाबद्दल कोणी विचारलंच नाही, तर धूळ कागदावर येतच नाही.

छेद शोधायला निघू

आता तुम्ही अर्जदार आहात असं समजा. पहिला मोह असा, की ईएसआयच्या नोंदी घेऊ, त्यातले कामगार मोजू, झाला छेद. पण ईएसआय साधारणपणे १० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होते, आणि त्यातही मासिक पगार २१,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांना. आठ माणसांचं गोदाम त्यातून सुटतं. ठेकेदाराने आणलेला माणूस बरेचदा सुटतो. घरी पोतं नेऊन बटणं काढणारी बाई तर नक्कीच सुटते. आणि धूळ याच लोकांच्या नाकात जास्त जात असेल, तर ज्यांना मोजायचं तेच बाहेर राहिले.

मग छेद स्वतः बनवावा लागतो. गल्लीचा नकाशा काढा, प्रत्येक घराची आणि गोदामाची यादी करा, त्या यादीतून नमुना निवडा. हे कष्टाचं काम आहे, पण पीएचडीचं खरं काम हेच. किती माणसं लागतील, याचा हिशेब अर्जातच दाखवता येतो. समजा, मी गृहीत धरलं की १०० पैकी १० जणांना हा त्रास असेल, आणि माझं उत्तर तीन टक्के इकडेतिकडे चालेल. नेहमीच्या सूत्राने ३८४ माणसं लागतात. पण एका गोदामातली माणसं एकमेकांसारखी असतात, म्हणून आकडा दुप्पट करू, ७६८. दहातला एक जण नाही म्हणेल असं धरलं, तर साधारण ८५४. हा १० टक्क्यांचा आकडा माझं गृहीतक आहे, पानिपतचं सत्य नव्हे. अर्जात तुम्हीही हा फरक स्पष्ट लिहा. समितीला अचूक भविष्य नको असतं. तुम्हाला हिशेब मांडता येतो का, एवढं बघायचं असतं.

जे निघून गेले ते

आता सर्वांत अवघड भाग. पानिपतात उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधून आलेले कामगार खूप. ज्याची छाती भरली, ज्याला काम झेपेना, तो काय करतो? गावी जातो. तुम्ही सर्वेक्षणाला पोहोचता तेव्हा यंत्रापाशी उभे असतात ते टिकलेले, म्हणजे त्यातल्या त्यात धडधाकट. तुम्ही त्यांना तपासता आणि लिहिता, आजार फारसा नाही. एपिडेमिऑलॉजीत याला निरोगी कामगार परिणाम म्हणतात. मुंबईच्या गिरण्यांतही दमलेला माणूस कोकणात किंवा घाटावर परतायचा आणि गिरणीच्या हजेरीपटातून त्याचं नाव जायचं.

पानिपतच्या लढाईनंतर पेशव्यांना पोहोचलेला तो सांकेतिक निरोप तुम्हाला ठाऊक असेल. दोन मोती गेले, मोहरा इतक्या गेल्या, हे त्यात होतं. चांदी आणि तांब्याचा खुर्दा किती गेला, त्याची मात्र गणती नाही. मोत्यांची नावं इतिहासात राहिली. खुर्दा म्हणजे हजारो शिपाई, बाजारबुणगे, यात्रेकरू. एपिडेमिऑलॉजीचं सगळं काम या खुर्द्याचं आहे. गेलेल्यांची गणती करायची सोय तुमच्या आराखड्यात आहे का, हा प्रश्न परीक्षक विचारतातच.

सोय करता येते. घरयादी करताना विचारायचं, गेल्या पाच वर्षांत या घरातून किंवा या खोलीतून काम सोडून कोण गेलं? का गेलं? फोन नंबर आहे का? त्यातल्या काहींशी फोनवर बोलता येईल, काहींच्या गावी जाता येईल. सगळे सापडणार नाहीत. किती सापडले नाहीत, हेही उत्तराचाच भाग आहे.

प्रश्नापासून अर्जापर्यंत

आता बहुतेक अर्जांत जे निवेदन असतं त्याचा एक नमुना मी माझ्या मनाने लिहून दाखवते: “मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे. कोविडकाळात मला सार्वजनिक आरोग्याचं महत्त्व कळलं. आपल्या नामांकित संस्थेत संशोधन करून देशाची सेवा करण्याची माझी इच्छा आहे.” यात एकही शब्द खोटा नसेल. पण हे निवेदन कोणाच्याही नावावर खपेल.

आता दुसरा नमुना: “पानिपतमध्ये जुन्या कपड्यांचा पुन्हा तंतू करणाऱ्या कामगारांमध्ये, आठवड्याच्या पहिल्या पाळीआधी आणि नंतर फुप्फुसांची क्षमता किती बदलते, हे मला मोजायचं आहे. त्याच वस्तीतल्या, पण धुळीत काम न करणाऱ्यांशी मी तुलना करेन. बिडी-सिगारेट आणि पूर्वी झालेला क्षय यांची नोंद घेईन. काम सोडून गेलेल्यांचा शोध हा अभ्यासाचा स्वतंत्र भाग असेल. मला स्पायरोमेट्री येते. गुंतागुंतीच्या नमुन्याचं विश्लेषण अजून नीट येत नाही, ते मला इथे शिकायचं आहे.” हे वाचल्यावर समितीला कळतं, या व्यक्तीला पाच वर्षं काय करायचंय ते. शेवटचं वाक्यही गाळू नका. काय येत नाही हे सांगणारा विद्यार्थी शिकवायला बरा.

प्रश्न तुमच्या गावातला असेल तर उत्तम. सोलापूरच्या यंत्रमागाचा, भिवंडीचा, इचलकरंजीचा, ऊसतोड कामगारांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा, विदर्भातल्या सिकलसेलचा. तुम्ही इंदूर, बडोदा, बेळगावात असाल तर तिथला. तिथली भाषा तुम्हाला येते, ही संशोधकाची मोठी मिळकत आहे आणि ती अर्जात लिहायची असते.

नियम, परीक्षा, पैसे

आता तुमचे तीन प्रश्न. डॉक्टर असणं सगळीकडे सक्तीचं नाही. दंतवैद्यक, आयुष, नर्सिंग, पशुवैद्यक, संख्याशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, समाजकार्य, अशा शाखांतून मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ करून लोक इकडे येतात. पण प्रत्येक संस्थेची अट वेगळी असते, जाहिरात शब्दन् शब्द वाचा.

टक्क्यांचं असं, की यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट यायचं असेल तर ७५ टक्के. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी नॉन-क्रीमिलेअर, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सूट आहे. मुदत किमान तीन वर्षं आणि साधारणपणे कमाल सहा. किमान १२ क्रेडिटचा कोर्सवर्क असतो.

परीक्षेचं म्हणाल तर यूजीसी-नेटमध्ये एपिडेमिऑलॉजी नावाचा विषय नाही. जवळचा विषय आहे सोशल मेडिसिन अँड कम्युनिटी हेल्थ. जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशालाही चालतात. जेआरएफ नसलेल्यांच्या बाबतीत परीक्षेला ७० आणि मुलाखतीला ३० असं वजन आहे, आणि ते गुण प्रवेशासाठी एक वर्ष धरले जातात. एम्स, चंदीगडचं पीजीआय किंवा तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा अशा राष्ट्रीय संस्थांची स्वतःची प्रवेशपद्धत असते.

संस्था कुठल्या बघाव्यात? चेन्नईची राष्ट्रीय एपिडेमिऑलॉजी संस्था, श्री चित्रातलं अच्युत मेनन केंद्र, पीजीआय चंदीगड, दिल्लीत एम्स आणि जेएनयूचं सामाजिक वैद्यक केंद्र, ही सुरुवात करायला चांगली यादी. कामगारांचा आजार हा विषय असेल तर अहमदाबादची राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था विसरू नका.

पैसे: यूजीसीची जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, वर घरभाडं. महाराष्ट्राचे रहिवासी असाल तर बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिप आपापल्या गटासाठी आहेत. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांनी रहिवासाची अट आधी तपासावी, म्हणजे नंतर निराशा होत नाही.

मार्गदर्शकाला पत्र

नियमाप्रमाणे प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएचडी विद्यार्थी असू शकतात. म्हणजे चांगल्या मार्गदर्शकाकडे जागाच नसेल, असं होऊ शकतं. म्हणून जाहिरातीची वाट न बघता काही महिने आधी पत्र लिहा. पत्र दहा ओळींचं. त्यांचा एखादा लेख वाचून त्यावर एक नेमकी ओळ, तुमचा प्रश्न दोन ओळींत, तुम्हाला काय येतं ते एका ओळीत, आणि यंदा जागा आहे का, हा साधा प्रश्न. एकच पत्र ५० जणांना पाठवू नका. ते ओळखू येतं.

शिफारसपत्र मोठ्या हुद्द्यापेक्षा ज्यांनी तुमचं काम बघितलंय त्यांचं घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात तुमच्याबरोबर सर्वेक्षणाचे फॉर्म तपासणारे अधिकारी तुमच्याबद्दल चार खऱ्या गोष्टी लिहू शकतात.

मुलाखतीत काय विचारतात

पहिला प्रश्न आकडेमोडीचा असेल: प्रादुर्भाव आणि नव्याने होणाऱ्या रोगाचा दर यांत फरक काय? दुसरा, तुलनेचा गट कसा निवडला? तिसरा नैतिकतेचा, आणि तिथे बरेच जण अडखळतात. मालकाने परवानगी दिली, म्हणजे कामगाराची संमती मिळाली का? नाही. आणि मालकासमोर विचारलेली संमती खरी असते का? बहुधा नाही. म्हणून कामगाराला त्याच्या घरी, सुट्टीच्या दिवशी भेटायचं. पण पाळीआधीची आणि नंतरची तपासणी तर कामाजवळच करावी लागते. मग कोणाचा अहवाल कोणाला मिळणार, आजारी निघालेल्याची नोकरी गेली तर काय, हे आधी ठरवावं लागतं. आयसीएमआरची २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं या दृष्टीने वाचून जा.

परदेशात जायचं असेल तर

अमेरिकेत पीएचडीला साधारण चार ते सहा वर्षं लागतात, सुरुवातीला भरपूर कोर्सवर्क असतो. सार्वजनिक आरोग्याच्या अनेक विद्यापीठांचे अर्ज सोफास या एकाच यंत्रणेतून जातात आणि मुदत बरेचदा डिसेंबरात संपते. जीआरई अनेक ठिकाणी आता सक्तीची नाही. ब्रिटनमध्ये तीन-चार वर्षं, पण तिथे आराखडा आणि मार्गदर्शक आधी लागतो. परदेशी पैशावर भारतातल्या माणसांचा अभ्यास असेल, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागू शकते. तो वेळ वेळापत्रकात धरा. आणि हेही लक्षात ठेवा, की पीएचडी हा एकमेव रस्ता नाही. डॉ. अभय बंग यांनी एमडीनंतर जॉन्स हॉपकिन्समधून एमपीएच केलं आणि गडचिरोलीला आले.

आता एक गृहपाठ. एका कागदावर तुमच्या गावातला एक आजार लिहा. खाली तीन ओळी: अंश कुठून मिळेल, छेद कुठून मिळेल, आणि कोण सुटून जाईल. तिसरी ओळ लिहिताना जास्त वेळ लागला, तर समजा तुमचा अर्ज सुरू झाला. तुमचे कागद पाठवा. त्यातले काही घेऊन पुढच्या भागात आपण नमुना कसा निवडायचा ते बघू.